मदत हवी आहे: पुढचा लोअर बॉल जॉइंट घरीच बदलायचा आहे, रिव्हेट तोडू की आख्खा आर्म घालू?

गॅरेजबाहेरचा

नमस्कार मंडळी,

गाडी लहान, फ्रंट व्हील ड्राइव्ह, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला खांब). खाली लोअर आर्म चाकाला धरतो आणि त्याच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळू देणारा गोलाकार सांधा. वापर भरपूर झालेला. डाव्या पुढच्या चाकाकडून ‘टक’ असा कोरडा आवाज येतो. वेग कमी असताना एक चाक खड्ड्यात उतरलं की हमखास, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेतली तरी. सरळ गुळगुळीत रस्त्यावर काहीच नाही.

पहिला संशय लिंक रॉडवर (अँटी-रोल बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) होता, कारण अशा आवाजात बहुतेक वेळा चोर तोच निघतो. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडून गाडी अगदी हळू फिरवून पाहिली. आवाज जागच्या जागी. मग पुढची बाजू उचलून जॅक स्टँडवर ठेवली आणि चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवलं. खालच्या अंगाला स्पष्ट प्ले (ढिलेपणा) आहे. ९ आणि ३ वर धरून काही हलत नाही, म्हणजे टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा) ठीक असावा. एकाला ब्रेक दाबून धरायला बसवलं, तरी १२-६ चा प्ले तसाच, म्हणून व्हील बेअरिंगही बाद केलं. शेवटी लोअर आर्म आणि नकल (व्हील बेअरिंग ज्यात बसतं तो जाड तुकडा) यांच्यामध्ये टॉमी (लांब पहार) घालून आर्म खाली दाबला, तर बॉल जॉइंटची दांडी वरखाली होताना डोळ्यांना दिसते. रबरी बूट एका बाजूने फाटलाय. आतलं ग्रीस बाहेर आणि बाहेरची माती आत.

आता अडचण. जॉइंट आर्मला तीन रिव्हेटांनी बसवलेला आहे, बोल्ट नाहीत. वरची दांडी नकलच्या भोकात सरळ शिरते आणि आडव्या पिंच बोल्टने आवळलेली आहे. तो बोल्ट गंजून नकलशी एकजीव झाल्यासारखा दिसतो. आर्मचा पुढचा बुश (आर्म गाडीला जोडणारा रबरी सांधा) चांगला आहे, मागच्याच्या रबराला बारीक चिरा आहेत.

माझ्याकडे हायड्रॉलिक जॅक, दोन जॅक स्टँड, सॉकेट सेट, लांब दांडीचा पाना, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळायचा पाना), ड्रिल आणि ग्राइंडर आहे. प्रेस नाही.

जाणकारांनी सांगावं: रिव्हेट तोडून फक्त जॉइंट बदलू की आख्खा आर्म घालू? पिंच बोल्ट न तुटता कसा काढायचा? आणि आर्म बदललाच तर बुशचे बोल्ट कधी आवळायचे? याबद्दल जो तो वेगळं सांगतो.

बारातेरा

तपासणी व्यवस्थित केली आहे, शंका घ्यायला जागा नाही. ब्रेक दाबून पाहणं बरेच जण विसरतात आणि भलतंच बेअरिंग बदलून बसतात.

इतर वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चाक लोंबकळत ठेवून केलेली ही परीक्षा मॅकफर्सन स्ट्रटला चालते, कारण तिथे गाडीचा भार स्प्रिंगमधून वरच्या माउंटकडे जातो आणि खालचा जॉइंट भार पेलत नाही. डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) असेल आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असेल, तर चाक लोंबकळताना स्प्रिंगच जॉइंटला ताणून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. तिथे जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावून मगच चाक हलवून पाहायचं.

भार पेलत नाही म्हणून निवांत राहू नका. चाकाचा खालचा भाग जागेवर धरणारं दुसरं काहीही तिथे नाही. बॉल कपातून निसटला की चाक खालून बाहेर पडतं, ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारी दांडी) ओढला जातो, ब्रेकचा होज ताणला जातो. दांडी वरखाली दिसते म्हणता, तर आजपासून गाडी उभी करा.

रिव्हेट की आर्म? मी आर्म म्हणेन. मागच्या बुशला चिरा आहेत हे तुम्हीच लिहिलंय. आज जॉइंट बदलाल, उद्या बुशसाठी तोच आर्म पुन्हा उतरवाल, आणि बुश काढायला प्रेस लागेल, जी तुमच्याकडे नाही. नवा आर्म जॉइंट आणि बुश बसवूनच येतो.

फक्त सुरुवात करण्याआधी आर्मचे बुशकडचे बोल्ट सरळ बाहेर येतात का ते डोकं खाली घालून बघा. काही गाड्यांत बोल्ट अर्धा बाहेर आला की गिअरबॉक्सला किंवा सबफ्रेमच्या (आर्म ज्याला बसतो त्या सांगाड्याच्या) कडेला अडतो. मग इंजिन माउंट सोडून इंजिन थोडं उचलावं लागतं, किंवा सबफ्रेम थोडी खाली घ्यावी लागते. गाडी उघडून ठेवल्यावर हे कळलं की डोक्याला हात.

खरडलेली बोटं

बारातेरा यांच्याशी अर्धा सहमत. बुशच्या चिरा वरवरच्या आहेत की आतपर्यंत, ते आधी पाहा. टॉमीने आर्म पुढे-मागे ढकला. रबर मधल्या नळीपासून सुटून फट दिसली तर बुश गेला. नुसत्या वरच्या कातडीला सुरकुत्या असतील तर तो अजून बराच चालेल.

गाडीबरोबर आलेला आर्म बहुधा पत्र्याचा पक्का असतो. त्याच्या जागी कुठलातरी स्वस्त बनावटीचा आर्म घालायचा, ज्याचा पत्रा पातळ आणि बुश साबणासारखा मऊ, यात शहाणपण नाही. आर्म चांगल्या प्रतीचा मिळणार असेल तर घाला. नाहीतर रिव्हेट तोडा, ते काम लोकांना वाटतं तेवढं भयंकर नाही.

पद्धत अशी. रिव्हेटचं डोकं ग्राइंडरने सपाट करा, पण आर्मच्या पत्र्याला खोच पडू देऊ नका. बरोबर मध्यभागी पंच मारा. पंच बाजूला गेला की ड्रिलही बाजूला जातं आणि आर्मचं भोक लांबट होतं, मग नवा बोल्ट तिथे कितीही आवळा, जॉइंट सरकणारच. पहिल्यांदा ४ मिलिमीटरचं बारीक ड्रिल, मग पायरीपायरीने मोठं, पण रिव्हेटच्या व्यासाहून कणभर लहानच. ड्रिल हळू फिरवा, तेलाचे थेंब सोडत राहा, आणि शेवटी जाड पंच ठेवून हातोडीने उरलेला गाभा खाली पाडा. चष्मा लावूनच. रिव्हेटचा कीस डोळ्यात गेला तर डॉक्टरशिवाय गती नाही.

आर्म गाडीवर असताना हे होतं, पण आडवं पडून वरच्या दिशेने ड्रिल धरणं म्हणजे सगळा कीस स्वतःच्या तोंडावर. मी आर्म उतरवून बाकावरच करतो.

शंकासुर

रिव्हेटच्या जागी बोल्ट घालणं धोक्याचं नाही का? कंपनीने रिव्हेट मारले ते काही विचार करूनच ना? आणि बोल्ट कुठलाही चालतो का?

खरडलेली बोटं

कारखान्यात रिव्हेट एका दाबात बसतो, भोक गच्च भरतो आणि पुढे कधी सैल होत नाही, म्हणून तो तिथे सोयीचा. दुरुस्तीसाठी मात्र जॉइंटबरोबर बोल्ट-नट दिलेले असतात आणि कंपन्यांना तेच अपेक्षित असतं. भोकाला बेताचा बसणारा, योग्य प्रतीचा बोल्ट दिलेल्या टॉर्कला आवळला तर जोड पक्का राहतो.

कुठलाही बोल्ट मुळीच चालत नाही. पाकिटातलेच वापरा. डोक्यावरचे आकडे बघायची सवय लावा. ८.८ चा बोल्ट साधारण ८०० मेगापास्कल ताणाला तुटतो आणि त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, कायमचा लांबायला लागतो. १०.९ चा १००० ला तुटतो आणि ९०० ला लांबतो. डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट सस्पेन्शनच्या आसपासही आणू नये. बोल्टचं डोकं वर ठेवायचं की खाली, तेही पाकिटातल्या चिठ्ठीत असतं. उलटं घातलं तर काही गाड्यांत लांब शेपूट ड्राइव्ह शाफ्टच्या बूटाला घासतं.

सावकाश

पिंच बोल्टबद्दल कुणीच बोललं नाही, आणि या सगळ्या कामात माणसं अडकतात ती तिथेच.

आधी नीट बघा की पलीकडे वेगळा नट आहे की नकललाच आटे आहेत. वेगळा नट असेल तर आधी नट सोडवा आणि मग बोल्ट फिरवा. आटे नकलमध्ये असतील तर बोल्टचं पलीकडचं टोक तारेच्या ब्रशने लखलखीत घासा. त्या टोकावरचा गंज घेऊन बोल्ट आट्यांतून मागे येतो आणि मधेच जाम होतो.

गंज सोडवणारा स्प्रे दोन्ही टोकांना आणि वरून फटीत मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा मारा. पाना सहा कोनी सॉकेटचाच घ्या, बारा कोनी सॉकेट डोकं गोल करतो. पहिला जोर सोडायच्या नाही, आवळायच्या दिशेने, अगदी किंचित. कट्ट झालं की मग सोडायच्या दिशेने. पाव फेरा मागे, थोडा पुढे, स्प्रे, पुन्हा मागे. बोल्ट लवचीक लागायला लागला, म्हणजे पाना फिरतोय पण तो स्प्रिंगसारखा परत येतोय, तर तिथेच थांबा. तो पिळला जातोय आणि पुढची पायरी तुटण्याची आहे.

मग उष्णता. बोल्ट नाही, भोवतालचा नकलचा कान (दांडी शिरते तो फट असलेला भाग) तापवायचा, म्हणजे भोक पसरतं. जुना जॉइंट फेकायचाच आहे, त्याच्या बूटाची चिंता नको. चिंता करायची ती एबीएस सेन्सरची, त्याच्या वायरीची, ड्राइव्ह शाफ्टच्या बूटाची आणि ब्रेक होजची. सेन्सर निघत असेल तर काढून बाजूला ठेवा. आधी मारलेला स्प्रे पेट घेतो, तो पुसून मगच ज्योत जवळ न्या आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

बोल्ट पूर्ण बाहेर आल्याशिवाय दांडी हलणार नाही. जॉइंटच्या दांडीला गळ्यापाशी खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो. नुसता सैल करून आर्मवर नाचण्यात अर्थ नाही.

गॅरेजबाहेरचा

सर्वांचे आभार. सावकाश, तुमच्या पद्धतीने पिंच बोल्ट निघाला. कान तापवल्यावर मोठा कडाका झाला, मला वाटलं गेला, पण सुटला होता.

बुशचाही निकाल लागला. टॉमी लावल्यावर मागच्या बुशचं रबर नळीपासून सुटलेलं दिसतंय, बोटाचं नख आत जातं. आर्मचे बोल्ट मोकळे बाहेर येतील इतकी जागा आहे. त्यामुळे आख्खा आर्म घालायचं नक्की.

पण दांडी नकलमधून खाली येत नाही. आर्मवर उभा राहिलो तरी नाही. एका ओळखीच्यांनी पिकल फोर्क (जॉइंट सोडवायला ठोकायची दुहेरी पाचर) आणून दिलाय, तो ठोकू का?

बारातेरा

फोर्क ठेवून द्या. तो निमुळत्या दांडीसाठी असतो, जिथे वर कॅसल नट (खाचांचा नट) आणि तो फिरू नये म्हणून स्प्लिट पिन असते. तुमची दांडी सरळ आहे, तिला निमुळतेपणा नाहीच, ती नुसत्या गंजाने आणि कानाच्या पकडीने धरली आहे. तुम्हाला कानाची फट उघडायची आहे. त्या फटीत बोथट छिन्नी किंवा पाचर घालून हलकेच ठोका, फट जेमतेम रुंदावली पाहिजे. जोर करू नका. नकल ओतीव असेल तर कान तडकतो, आणि मग जॉइंट राहिला बाजूला, नकलच बदलावी लागते.

दुसरं, फक्त डावंच चाक उचललंय का? अँटी-रोल बार (गाडी वळणात कलू नये म्हणून असलेली आडवी दांडी) दोन्ही बाजूंना जोडलेला असतो. उजवं चाक जमिनीवर असेल तर बार पिळला जाऊन डावा आर्म वर ओढून धरतो आणि तुम्ही त्याच्याशी कुस्ती खेळत बसता. दोन्ही चाकं उचला, निदान लिंक रॉड सोडा.

मग लांब नळी आर्मवर ठेवून तिचं एक टोक सबफ्रेमखाली अडकवा आणि दुसरं खाली दाबा. दाबत असताना कुणीतरी नकलच्या कानावर बाजूने हातोडी मारायची. दांडीवर नाही, कानावर.

सावकाश

यात एक भर. दांडी सुटली की आर्म झटकन खाली जातो, बोटं मध्ये ठेवू नका. आणि नकल मोकळी झाल्यावर तिला बाहेर ओढू नका. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट तेवढं अंतर सोसत नाही, बूटाच्या आतच सुटतो आणि कामाला काम वाढतं. स्ट्रट आणि नकल जागेवरच राहतील अशी दोरीने बांधा. ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना तेही बघा.

वाटसरू

माझ्या गाडीला निमुळती दांडी आणि कॅसल नट आहे, म्हणून इथेच विचारतो. फोर्क न वापरता ती कशी सोडवायची? जॉइंट चांगला आहे, मला फक्त ड्राइव्ह शाफ्ट काढायचा आहे.

खरडलेली बोटं

फोर्क तर अजिबात नको, चांगला बूट फाडून ठेवील. कात्रीसारखा विभाजक मिळतो तो घ्या, किंवा बिनखर्चाची जुनी रीत: स्प्लिट पिन काढा, नट काही आटे सैल करून तसाच राहू द्या, आर्मला टॉमीने खाली ताण द्या आणि नकलच्या कानावर, जिथे दांडी बसते त्या डोळ्याच्या दोन्ही अंगांना, दोन हातोड्यांनी एकाच वेळी समोरासमोर मारा. धक्क्याने डोळा क्षणभर अंडाकृती होतो आणि पकड सुटते. नट अजून लावलेला असल्यामुळे आर्म पायावर येत नाही. नटावर किंवा दांडीच्या टोकावर मारू नका, आटे बसतात.

परत लावताना दांडीचा निमुळता भाग आणि डोळा पुसून कोरडा करा. ग्रीस लावायचा मोह आवरा. कोरड्या धातूची पकडच तो जोड धरते. नट आवळताना दांडी सोबत फिरायला लागली तर आर्मखाली जॅक लावून थोडा वर दाबा, निमुळता भाग बसतो आणि फिरणं थांबतं. कॅसल नट दिलेल्या टॉर्कला आवळल्यावर पिनेचं भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. पिन नवीन.

गॅरेजबाहेरचा

दोन्ही बाजू उचलल्या, लिंक रॉड सोडले, पाचर घातली आणि दांडी खाली आली. बार पिळलेला असणार हे डोक्यातच नव्हतं. फरक जमीन-अस्मानाचा.

नवा आर्म हातात आहे. आता शेवटच्या प्रश्नाकडे. बुशचे बोल्ट चाक लोंबकळताना आवळायचे की गाडी खाली आल्यावर? मला दोन्ही सल्ले मिळालेत.

सावकाश

गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना. कारण साधं आहे: बुशचं रबर बाहेरच्या कडीला आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीला पक्की होते आणि आर्म हलतो तो रबर पिळूनच. आर्म लोंबकळत असताना आवळलात तर गाडी खाली आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत जाईल, आणि नवा बुश लवकरच पुन्हा फाटेल. मोठा खड्डा आला की तो आणखी पिळणार.

मग करायचं काय? सगळे बोल्ट हाताने बसवून नुसते टेकवा. जॉइंटची दांडी नकलमध्ये वर ढकला, खाच बोल्टच्या भोकासमोर आली की नवा पिंच बोल्ट आणि नवा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). हा जोड बॉलचा आहे, उंचीशी त्याचा संबंध नाही, तो लगेच पूर्ण टॉर्कला आवळला तरी चालतो. नंतर आर्मखाली, जॉइंटजवळ, लाकडी ठोकळा ठेवून जॅकने हळूहळू वर न्या, गाडी स्टँडवरून सुटायच्या बेतात येईपर्यंत. त्या उंचीला बुशचे बोल्ट आवळा. त्याहून बरं म्हणजे चाकं जाड फळ्यांवर उतरवून, मागच्या चाकांना उटी लावून, गाडी दोनदा दाबून सोडायची आणि मग आवळायचं. पण फळीवर असलेल्या गाडीखाली शिरताना स्टँड तिथेच उभे ठेवा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, एक बोल्ट राहिला असला तरी.

बऱ्याच गाड्यांत या बोल्टांना ‘अमुक न्यूटन मीटर आणि वर इतके अंश’ असं मोजमाप असतं. असे बोल्ट एकदा ताणले की गेले, नवीनच घ्यायचे. आकडा तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्याच्या गाडीचा नको. म्हणून मी इथे एकही आकडा लिहीत नाही.

शंकासुर

उजवा चांगला असला तरी जोडीने बदलावा का? शॉकअब्सॉर्बर तर जोडीनेच बदलतात.

बारातेरा

शॉकअब्सॉर्बर किंवा स्प्रिंगमध्ये एक नवा, एक जुना असला तर गाडीच्या वागण्यात फरक पडतो, म्हणून जोडी. बॉल जॉइंट एकतर प्ले देतो किंवा देत नाही. उजव्याचा बूट शाबूत असेल आणि टॉमीला काही हलत नसेल तर हात लावू नका. बूटाला भेग दिसली तर मात्र वाट बघू नका, आत माती गेली की झीज झपाट्याने होते.

गॅरेजबाहेरचा

काम झालं. टक गेला. उजव्याचा बूट ठीक आहे, तो तसाच ठेवला.

जुना जॉइंट उत्सुकतेपोटी ग्राइंडरने कापून बघितला. बॉलवर गंजाचे खड्डे आहेत आणि आतला प्लॅस्टिकचा कप एका बाजूने इतका झिजलाय की कडेला कागदाएवढा उरलाय. फाटक्या बूटातून पाणी जात राहिलं त्याचा हा परिणाम.

आता सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे राहतंय. गाडी मात्र ओढत नाही. हे अलाइनमेंटचंच ना?

बारातेरा

हो. नवा आर्म आणि जुना आर्म यांच्या लांबीत मिलिमीटरभराचा फरक असला तरी चाकाचा खालचा भाग आत-बाहेर सरकतो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलतो आणि त्याबरोबर टोही (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असणं). थोडे दिवस चालवून मग बघू असं करू नका, टो चुकलेला असेल तर टायरची कड खाल्ली जाते. अलाइनमेंट करायला जाण्याआधी बुशचे आणि पिंच बोल्ट एकदा टॉर्क रेंचने तपासून घ्या. अलाइनमेंटनंतर काही सरकलं तर पुन्हा पहिल्यापासून. चाकाचे नटही, थोडं चालवून झाल्यावर, गाडी जमिनीवर असताना.

वाटसरू

दोन हातोड्यांची युक्ती चालली. चौथ्या-पाचव्या फटक्याला सुटला, बूटाला ओरखडासुद्धा नाही. खरडलेली बोटं, आभारी आहे.